‘डिझाइन अँड डेव्हलपमेंट’ हा संशोधनाचा विषय का होत नाही? एका जीपची गोष्ट



पेट पास झालेले दोन-तीन जण परवा भेटले. सगळ्यांचा प्रश्न एकच: “ताई, मेकॅनिकलमध्ये टॉपिक काय घेऊ?” त्यातल्या एकाने तर टायटलच लिहून आणलं होतं. सुरुवात अर्थातच “डिझाइन अँड डेव्हलपमेंट ऑफ...” अशी. मला हसू आलं. कारण माझं पहिलं टायटल अगदी तसंच होतं: हलक्या लष्करी उपयुक्त वाहनाचं डिझाइन आणि डेव्हलपमेंट.

आरआरसीसमोर मी बारा स्लाइड दाखवल्या. थ्रीडी मॉडेल, चेसिसचं अ‍ॅनालिसिस, रंगीत चित्रं, सगळं होतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मला फक्त तीन प्रश्न विचारले. गाडी किती वजन वाहणार? कोणत्या जमिनीवर चालणार? आणि बंद पडली तर कोण दुरुस्त करणार? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला आणि पुढच्या बैठकीपर्यंत सहा महिने गेले. तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, ते तीन प्रश्न म्हणजेच माझी पीएचडी होती.

हे सहा महिने तुमचे वाचावेत म्हणून आजचा लेख. उदाहरण तेच घेते, लष्कराची छोटी गाडी. ज्यांना वाहनांत रस नाही त्यांनीही वाचा, कारण मुद्दा विषय निवडण्याचा आहे.

आधी गाडी समजून घेऊ

हलकं उपयुक्त वाहन म्हणजे रणगाडा नाही आणि चिलखती गाडीही नाही. चार-सहा माणसं, वायरलेस सेट, थोडं सामान, कधी एखादी मशिनगन, आणि मागे छोटा ट्रेलर. रस्ता असो नसो, जायचं. आपल्या खान्देशात ही गाडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. चोपडा, यावल, शिरपूर भागात ज्या काळी-पिवळी जीप धावायच्या, त्यांचं मूळ याच लष्करी जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीस जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्राने जोडायला सुरुवात केली, पुढे इथेच बनवली, आणि तिच्याच वंशातल्या गाड्या आपल्या बाजारच्या दिवशी भरभरून धावल्या.

लष्करी साहित्याचं नावही आपल्याकडे नवीन नाही. जळगाव जिल्ह्यातच वरणगाव आणि भुसावळ इथे आयुधनिर्माणी आहेत. वाहनं मात्र जबलपूरला. निसान पेट्रोलवर आधारलेली ‘जोंगा’ तिथलीच. नावसुद्धा जबलपूरच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं. चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद भरपूर, तहानही तेवढीच. तिचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. त्याआधीच मारुती जिप्सी लष्करात आली होती आणि पुढे हजारोंच्या संख्येने राहिली.

१९४०: आकडा आधी, गाडी नंतर

आता मूळ गोष्टीकडे जाऊ. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्र पाठवलं. चार चाकांना ताकद मिळणारी छोटी टेहळणी गाडी हवी. भार साधारण २७० किलो (६०० पौंड). गाडीचं स्वतःचं वजन ५९० किलोच्या (१,३०० पौंड) आत. पहिला नमुना ४९ दिवसांत. प्रतिसाद दिला दोनच कंपन्यांनी, बँटम आणि विलीस.

बँटम ही डबघाईला आलेली छोटी कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या स्वतंत्र इंजिनिअरला बोलावलं. त्याने मुख्य आराखडा दोन दिवसांत काढला. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायच्या दिवशीच, गाडी होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचली.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात. “दोन दिवसांत डिझाइन! बघा!” पण संशोधनाच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळी आहे. ५९० किलोचा तो आकडा कोणालाही पाळता आला नाही. बँटमलाही नाही. चार चाकांना ताकद द्यायची म्हणजे पुढेही डिफरन्शियल आलं, ट्रान्सफर केस आली, जादा शाफ्ट आले. एवढं लोखंड त्या वजनात बसतच नव्हतं. शेवटी लष्करानेच मर्यादा वाढवून ९८० किलोच्या (२,१६० पौंड) आसपास नेली.

विलीसची गाडी त्याहूनही जड होती. पण इंजिन ६० अश्वशक्तीचं, तिघांत सगळ्यात दमदार. (तिसरी कंपनी फोर्ड, ती नंतर आली.) विलीसच्या बार्नी रूस या मुख्य इंजिनिअरने इंजिन सोडलं नाही, बाकी गाडी सोलून काढली. बोल्ट आखूड केले, पत्रे बदलले, रंगाचा थरसुद्धा मोजला. १९४१ मध्ये विलीसचं डिझाइन प्रमाण ठरलं, आणि तेच फोर्डनेही बनवलं. दोघांचे सुटे भाग एकमेकांना बसायचे. म्हणजे माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे कागदावरच ठरलेलं होतं: वाळवंटात बंद पडलेली गाडी दुसऱ्या बंद पडलेल्या गाडीचे भाग काढून चालू होणार.

यातून काय घ्यायचं? आवश्यकता म्हणजे देववाणी नाही. तोसुद्धा एक अंदाजच असतो, आणि अंदाज तपासता येतो. आपल्या लष्कराच्या अशा आवश्यकतांच्या दस्तऐवजाला जीएसक्यूआर म्हणतात. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी अशा काही मागण्यांची खिल्ली उडवली होती, की त्या कॉमिक्सच्या पुस्तकातून आल्यासारख्या वाटतात. आपण सिनॉप्सिसमध्ये “हलकी, मजबूत, स्वस्त, वेगवान आणि पर्यावरणपूरक गाडी” असं लिहितो, तेव्हा आपणही तेच करत असतो.

वजन वजनाला ओढतं

समजा मी म्हटलं, भार १०० किलोने वाढवा. मग पाटे जाड करावे लागतात. पाटे जाड केले की ॲक्सल मजबूत हवा. गाडी जड झाली, तर ब्रेक मोठे हवेत. चढ चढायला इंजिन मोठं हवं, त्याला डिझेल जास्त, टाकी मोठी. आणि हे सगळं उचलायला चेसिस पुन्हा जाड.

हिशेबासाठी धरून चला की प्रत्येक जादा किलोमागे बाकीच्या भागांत अर्धा किलो वाढतो. १०० चे ५० वाढले, ५० चे २५, २५ चे साडेबारा... बेरीज २०० वर जाते. अर्धा किलो हा मी उदाहरणापुरता धरलेला आकडा आहे, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. पण साखळी खरी आहे.

आता भारतीय आकडे बघा. जिप्सी ५०० किलोच्या गटातली गाडी, स्वतःचं वजन एक टनाच्या आसपास. नंतर लष्कराने ‘जीएस ८००’ हा नवा गट मागितला: ८०० किलो भार, वर पक्कं छत आणि एसी. वर्षभराहून अधिक काळ चाचण्या झाल्या, स्कॉर्पिओ आणि सफारी स्टॉर्म समोरासमोर होत्या. २०१७ मध्ये टाटा मोटर्सला ३,१९२ सफारींची ऑर्डर मिळाली. ही गाडी दोन टनांच्या घरातली. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याची फोर्स मोटर्स आणि महिंद्रा यांच्याशी मिळून सुमारे ५,००० हलक्या वाहनांचा करार केला, तिथेही भार ८०० किलोच.

म्हणजे भरलेली जिप्सी दीड टन, आणि भरलेली नवी गाडी साधारण २.८ टन. भार वाढला ३०० किलो, पण एकूण वजन वाढलं टनाहून जास्त. सगळं काही साखळीमुळे नाही, छत, एसी, सुरक्षितता हेही त्यात आहे. पण दिशा लक्षात आली ना?

थोडं गणित, घाबरू नका

लष्करी गाड्यांसाठी ६० टक्के चढ हा नेहमीचा निकष. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६० मीटर वर, साधारण ३१ अंश. धुळ्याजवळचा लळिंग घाट यापुढे सपाट वाटेल.

भरलेली विलीस जीप धरू, दीड टन.

- चढामुळे मागे खेचणारं बल: सुमारे ७,५७० न्यूटन.
- कच्च्या जमिनीचा विरोध, दहा टक्के धरला तर: सुमारे १,२६० न्यूटन.
- एकूण ८,८३० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, म्हणून चाकांवर हवा टॉर्क: सुमारे ३,०९० न्यूटन-मीटर.

विलीसचं इंजिन जास्तीत जास्त १४२ न्यूटन-मीटर द्यायचं. पहिला गिअर २.६६५, ॲक्सल ४.८८, आणि ट्रान्सफर केसचा लो गिअर १.९७. तिन्हींचा गुणाकार साधारण २५.६. त्याला १४२ ने गुणा, वाटेत १५ टक्के वाया जातं असं धरा. उत्तर येतं सुमारे ३,०९० न्यूटन-मीटर!

मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा दोनदा तपासला. माझे दोन आकडे (दहा टक्के विरोध, १५ टक्के घट) गृहीत धरलेले आहेत, त्यामुळे इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोगच. पण लो गिअर काढून टाका, टॉर्क निम्मा होतो आणि गाडी चढच चढत नाही. लो गिअर शोभेला नव्हता, तो या एका चढाचं उत्तर होता.

आता आजची २.८ टनांची गाडी घ्या. चाक थोडं मोठं, ०.३७ मीटर. हवा टॉर्क सुमारे ६,१०० न्यूटन-मीटर. पण आजचं टर्बो डिझेल ३५० च्या आसपास सहज देतं. मग एकूण गिअर गुणोत्तर २०-२१ लागतं, आणि लो गिअरसह ते मिळतं. म्हणजे इंजिनाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. मी मात्र बारापैकी पाच स्लाइड इंजिनावर केल्या होत्या!

मग सुटलेलं काय नाही? जमीन.

इथे एक घरची गोष्ट. माझे काका काळी-पिवळी चालवायचे. एका जुलैमध्ये आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. घर शेतात, मुख्य रस्ता अर्धा किलोमीटर, आणि मधली सगळी काळी माती, दोन दिवसांच्या पावसाने भिजलेली. शंभर पावलांवर गाडी रुतली. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला की चाक अजून खाली. माझा भाऊ म्हणाला, “काका, अजून रेस करा ना.” काका म्हणाले, “भाऊ, गाडीत ताकद नाही असं नाही. खाली जमीनच नाही.” मग उतरून त्यांनी चारही टायरची हवा सोडली, निम्म्याहून कमी केली, चाकांपुढे तुराट्या टाकल्या, आणि गाडी हळूहळू निघाली. आजी वेळेवर पोचली. पहाटे काका पायाच्या पंपाने हवा भरत बसलेले मला अजून आठवतात.

काकांनी काय केलं ते आकड्यांत बघू. टायर जमिनीवर जितका दाब देतो, तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. दीड टनाच्या गाडीत एका चाकावर ३७५ किलो. हवा ३५ पौंड असेल, तर टायरचा जमिनीवरचा ठसा सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. हवा १५ पौंडांवर आणली की ठसा जवळपास ३६० चौरस सेंटिमीटर. तेच वजन दुपटीहून जास्त जागेवर पसरलं.

काळी माती म्हणजे माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि तिची ताकद झपाट्याने कमी होते. चढ चढायला गणिताने चारही चाकांवर किमान ०.६ इतकी पकड हवी. फक्त मागची चाकं फिरत असतील आणि चढावर त्यांच्यावर दोन तृतीयांश भार असेल, तर ०.९ हवी. ओली काळी माती यातलं काहीच देत नाही. म्हणजे इथे टॉर्क कितीही वाढवा, चाक जागेवर फिरणार.

या प्रश्नावर शास्त्र आहे. मिएचिस्लाव बेकर या मूळच्या पोलिश इंजिनिअरने १९५० च्या दशकात गाडी आणि माती यांच्या संबंधाला गणिती बैठक दिली. पुढे चंद्रावरच्या गाडीच्या कामातही तो होता. अमेरिकन लष्कराच्या व्हिक्सबर्गच्या प्रयोगशाळेने सोपी पद्धत काढली. शंकूच्या टोकाची दांडी जमिनीत दाबायची आणि किती जोर लागतो ते मोजायचं. त्यावरून जमिनीचा निर्देशांक आणि गाडीचा निर्देशांक जुळवायचा. गंमत म्हणजे गाडीचे दोन निर्देशांक असतात, एक एकदाच जाण्यासाठी आणि एक ५० वेळा जाण्यासाठी. लष्कराची एक गाडी जात नाही, ताफा जातो. पहिली गाडी निघते आणि तिच्या चाकोरीत दहावी रुतते.

आणि काकांची युक्ती? चालकाने जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करायची सोय दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या पाण्या-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्येच होती. मोठ्या लष्करी ट्रकवर ती आजही असते. छोट्या गाडीवर मात्र तिचं वजन, किंमत आणि देखभाल परवडते का, हे ठरवावं लागतं. पुन्हा तीच वजनाची साखळी.

टायटल कसं बदललं

सहा महिन्यांनी माझं दुसरं टायटल होतं: “ओल्या काळ्या मातीवर ८०० किलो भाराच्या हलक्या चारचाकी-चालित वाहनाच्या ओढशक्तीवर टायरच्या दाबाचा परिणाम.” ऐकायला रुक्ष आहे. पहिल्याइतकं भारी वाटत नाही. पण आता तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. भार: ८०० किलो. जमीन: काळी माती, ओलाव्याच्या ठरलेल्या टप्प्यांवर. दुरुस्ती: अशी पद्धत, जी हातपंपानेही जमेल आणि यंत्रणेनेही, दोन्हींची तुलना. आरआरसीने दहा मिनिटांत मान्य केलं.

फरक काय पडला? पहिल्या टायटलमध्ये एक वस्तू होती. दुसऱ्यात एक भांडण आहे, भार आणि जमीन यांच्यातलं. वस्तू बनवायला कारखाना लागतो, पैसा लागतो, शेकडो माणसं लागतात. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारखी अख्खी प्रयोगशाळा आणि तिचे चाचणी ट्रॅक त्यासाठी आहेत. तुम्ही एकटे, चार वर्षं आणि तुटपुंजी फेलोशिप एवढ्यावर गाडी बनवू शकत नाही. पण त्या गाडीतलं एक भांडण नीट मोजू शकता. ते मोजमाप गाडी बनवणाऱ्याच्या कामाला येतं.

“डेव्हलपमेंट” शब्दाबद्दलही एक. डिझाइन म्हणजे गाडी चालेल असं कागदावर दाखवणं. डेव्हलपमेंट म्हणजे ती मोडेपर्यंत चालवणं, कुठे मोडली ते बघणं, सुधारणं आणि पुन्हा मोडणं. प्रॉब्स्टचे दोन दिवस सगळ्यांना आठवतात, नंतरचं वर्षभराचं मोडणं-जोडणं कोणी सांगत नाही. तुमच्या प्रबंधात हे दुसरं काम खरंच होणार नसेल, तर तो शब्द टायटलमध्ये घालू नका. व्हायवाला कोणीतरी विचारतंच.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे करा

१. तुमच्या विषयातले सगळे आकडे एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा: हा आकडा कोणी ठरवला, आणि का? जिथे “का” रिकामं राहतं, तिथे थांबा.

२. कोणते दोन आकडे एकमेकांशी भांडतात ते शोधा. एक वाढवला की दुसरा बिघडतो, अशी जोडी. तिथेच तुमचा प्रश्न असतो.

३. सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीवर हिशेब करा. वर केला तसा, पाच ओळींचा. माझ्या पाच स्लाइड या पाच ओळींनी वाचल्या असत्या.

४. तुमच्या गावातली जमीन, हवा, यंत्रं, माणसं बघा. परदेशी पेपरमधली माती आपली नाही. आपल्याकडची माती कोणीतरी मोजायला हवीच आहे.

५. जो माणूस ती वस्तू रोज वापरतो, त्याला विचारा. माझ्या प्रबंधातलं मुख्य गृहीतक काकांनी त्या रात्री एका वाक्यात सांगितलं होतं. मला ते ऐकू यायला एक नापास सिनॉप्सिस लागला.

काकांची ती जीप केव्हाच भंगारात गेली. काका मात्र अजून विचारतात, “काय गं, अजून हवाच मोजतेस का?” हो, म्हणते मी, अजून हवाच.